पार्सलाचा खरा खर्च

(संघटनेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पेशाने वैद्य. या व्यासपीठावरून आजवर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा विषयांवरच आपल्याशी बोलत आलो. यंदा कार्यकारिणीने आम्हांला विषय दिला तो पार्सलाचा. घरून येणारी आणि घरी जाणारी पुडकी कमी खर्चात कशी पाठवावीत, याविषयी चार अनुभवाचे शब्द सांगावेत, अशी सूचना आली. प्रथम वाटले, हा विषय व्यासपीठाच्या योग्यतेचा आहे काय? मग ध्यानी आले की परदेशी राहणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाचा घराशी असलेला नातेसंबंध गेली अनेक वर्षे खोक्यांतून, पुडक्यांतून आणि त्यांवरील तिकिटांतून वाहत आला आहे. ज्या गोष्टीवर आपण दरवर्षी शेकडो डॉलर खर्च करतो, तिचा हिशेब एकत्र बसून करण्यात कमीपणा कसला?

आणि हा विषय आपल्याला नवखाही नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणाच्या काळात न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेत असत. चरित्रकार सांगतात की अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली, ती भारतात धाडण्यासाठी एका मित्राच्या स्वाधीन केली, आणि त्यांतली बरीचशी त्यांच्या हाती कधी पडलीच नाहीत. पुढे १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले, आणि त्याच पैशांच्या आधारे ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी निघाले. ज्या महापुरुषाने पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी 'राजगृह' उभे केले, त्याला पाठवलेले पुस्तक न पोहोचण्याचे दुःख दोनदा सोसावे लागले. पुस्तकाची पेटी सुखरूप पोहोचणे ही आपल्या चळवळीच्या दृष्टीने किरकोळ बाब कधीच नव्हती.

आता आमच्या घरची गोष्ट. १९९६ साली आम्ही या देशात प्रशिक्षणासाठी आलो. पहिल्याच हिवाळ्यात वडिलांनी एक पार्सल पाठवले. वडील अमरावती जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिक्षक. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेले, शिवणीवर लाखेच्या मोहरा मारलेले ते पुडके समुद्रमार्गे साडेतीन महिन्यांनी पोहोचले. एक कोपरा ओला होऊन सुकलेला होता. आत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ, वंदनेची छोटी पुस्तिका, आईने केलेला मसाला आणि पाच लोकरी मोजे होते. पाच का, हे कोडे आम्हांला आजतागायत सुटलेले नाही. ग्रंथाच्या आत एक चिठ्ठी होती. वडिलांच्या सवयीप्रमाणे तिच्यावर हिशेब मांडलेला होता : ग्रंथ इतके, कापड इतके, शिंप्याची मजुरी इतकी, टपालखर्च इतका. टपालखर्चाचा आकडा बाकी सर्व आकड्यांच्या बेरजेहून मोठा होता. त्याखाली एकच ओळ : "खर्चाची चिंता करू नये, ग्रंथ वाचावा." ती चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. आजच्या भाषणाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा येऊ.

एक चूक आणि तिचा धडा

पार्सलाचा हिशेब आम्हांला खऱ्या अर्थाने शिकवला तो आमच्याच एका चुकीने. तिची कबुली सर्वांसमोर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

२०२१ साली आम्ही काही कुटुंबांनी मिळून विदर्भातील एका तालुक्याच्या गावी चालणाऱ्या अभ्यासिकेसाठी पुस्तके गोळा केली. ती अभ्यासिका एक निवृत्त मुख्याध्यापक चालवतात. त्यांना सारा गाव गुरुजी म्हणतो, आम्हीही तसेच म्हणू. मुलांनी उत्साहाने घरोघरी फिरून पुस्तके आणली. अकरा खोकी भरली. जाहिरात पाहून एका स्वस्त कुरियरवाल्याकडे ती दिली, घोषणापत्रावर 'भेट' असा शब्द लिहिला, किंमत अंदाजाने टाकली, आणि समाधानाने घरी आलो. छायाचित्रेही काढली.

पुढे गुरुजींचा निरोप आला, "पेट्या पोहोचल्या. आनंद झाला." आम्ही निर्धास्त झालो. आठ महिन्यांनी आम्ही गावी गेलो तेव्हा गुरुजींनी चहा दिला, मुलांची ओळख करून दिली, खर्चाविषयी चकार शब्द काढला नाही. सांगितले ते एका विद्यार्थ्याने, आम्हांला बस थांब्यापर्यंत सोडायला आला असताना. खोकी मुंबईत अडकली होती. ओळखीची कागदपत्रे मागितली गेली. सीमाशुल्क लागले. त्यात दिवस गेले म्हणून साठवणुकीचे भाडे चढले. गुरुजींनी अभ्यासिकेत पंखे बसवण्यासाठी जमवलेली रक्कम आणि स्वतःच्या निवृत्तिवेतनातील पैसे घालून ती खोकी सोडवून घेतली होती. "गुरुजी म्हणाले, तिकडच्या लोकांनी प्रेमाने पाठवलंय, परत कसं जाऊ द्यायचं?"

आणि त्या खोक्यांत होते काय? आम्ही परत फिरलो आणि कपाट उघडून पाहिले. अर्धवट रंगवलेली चित्रांची पुस्तके, अमेरिकेच्या आयकराचे मार्गदर्शक, आणि आमच्याच घरून गेलेली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची औषधशास्त्राची पाठ्यपुस्तके. वैद्यकात जुने पाठ्यपुस्तक हे नुसते निरुपयोगी नसते, ते अपायकारकही ठरू शकते. औषधांच्या मात्रा बदलतात, काही औषधे बाजारातून काढून घेतली जातात. अकरांपैकी तीन खोक्यांतली पुस्तके मुलांच्या उपयोगाची होती. उरलेल्या आठ खोक्यांची किंमत त्या मुलांनी घामाने चुकवली, कारण त्या उन्हाळ्यात अभ्यासिकेत पंखे बसले नाहीत.

बंधुभगिनींनो, आम्ही दान केले असे समजत होतो. वस्तुतः आम्ही आमचे कपाट रिकामे केले आणि त्याचे बिल गुरुजींना पाठवले. तेव्हापासून आम्ही एक सूत्र पाळतो : पार्सलाचा खर्च म्हणजे पाठवणाऱ्याने खिडकीवर मोजलेले पैसे नव्हेत. घेणाऱ्याच्या उंबरठ्याच्या आत वस्तू येईपर्यंत दोन्ही बाजूंनी जे काही पडते, ती सारी बेरीज म्हणजे खर्च. यापुढील सर्व विवेचन या सूत्रावर उभे आहे.

वजन कोणते मोजले जाते?

पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती वजनाची. कुरियर कंपन्या दोन वजने काढतात. एक काट्यावरचे, दुसरे आकारमानाचे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्यास बहुधा ५००० ने भागतात. जे वजन अधिक भरेल, त्याचे पैसे लावतात. समजा, ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच असा खोका आहे. गुणाकार ९६,०००, भागाकार १९.२ किलो. त्यात आईने कुरड्या, पापड आणि दुपटी भरली आणि काट्यावर ८ किलो भरले, तरी पैसे १९ किलोंच्या वरचे पडतात. म्हणजे आपण अकरा किलो हवा समुद्रापार पाठवली!

पुस्तकांचे गणित याच्या उलट आहे. ३० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमानाचे वजन साडेचार किलो येते, पण त्यात पुस्तके ठासून भरली तर काटा पंधरा किलोंच्या आसपास जातो. तेथे काट्याचेच वजन धरले जाईल. म्हणून नियम असा की हलक्या, फुगीर वस्तूंसाठी खोका शक्य तितका लहान करावा. कुरड्यांच्या मधल्या पोकळीत मसाल्याच्या पुड्या बसवाव्यात, कपडे हवा काढून घट्ट बांधावेत. जड वस्तूंसाठी मात्र आकारावर दर ठरलेला असेल असा मार्ग शोधावा.

असा मार्ग अमेरिकन टपाल खात्याकडे आहे. 'फ्लॅट रेट' म्हणून ओळखली जाणारी त्यांची खोकी टपाल कार्यालयात विनामूल्य मिळतात आणि त्यांचा दर वजनावर नव्हे, खोक्यावर ठरतो. परदेशी पाठवताना मध्यम व मोठ्या खोक्याला २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो, आणि लहान खोक्याला ४ पौंड अशी कमाल मर्यादा असते. पुस्तकांसारख्या जड वस्तूंना ही सोय मानवते, पापडाला मानवत नाही. ४ पौंडांपर्यंतच्या छोट्या पुडक्यांसाठी टपाल खात्याचा साधा आंतरराष्ट्रीय पॅकेजचा दर बहुधा कुरियरपेक्षा पुष्कळ कमी पडतो.

केवळ छापील मजकूर एकाच पत्त्यावर धाडावयाचा असेल तर 'एम-बॅग' हा मार्ग विचारून पाहावा. कमीत कमी ११ पौंडांचे पैसे द्यावे लागतात आणि ६६ पौंडांपर्यंत पुस्तके एका थैलीतून जातात. तिचा विमा उतरत नाही, माग काढता येत नाही, आणि तिच्यात पुस्तकांखेरीज साडी अथवा खेळणे घालता येत नाही. पूर्वी अशा थैल्या बोटीने जात आणि फारच स्वस्त पडत. परंतु मे २००७ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने परदेशी जाणारी समुद्रमार्गाची टपालसेवा बंद केली. जुनी मंडळी अजूनही नव्यांना "बोटीने टाका, स्वस्त पडेल" असा सल्ला देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आता बोटीचा मार्ग उरला आहे तो खाजगी मालवाहतुकीचा. तेथे घनमीटरवर आकारणी होते. घर हलवण्याइतके सामान असेल तर तो परवडतो, चार खोक्यांना नव्हे. त्यातही न्हावा शेवा बंदरावरील हाताळणी, कागदपत्रे, दलालाची फी आणि विलंबभाडे हे सर्व घेणाऱ्याच्या माथी येते. दर विचारताना "दारापर्यंतचा, सर्व शुल्कांसह" असा स्पष्ट दर लेखी मागावा.

अमेरिकेच्या अंतर्गत मात्र पुस्तकांसाठी उत्तम सोय आहे. 'मीडिया मेल'चा दर वजनावर ठरतो, अंतरावर नाही. न्यू जर्सीहून शेजारच्या राज्यात पाठवा किंवा कॅलिफोर्नियाला पाठवा, पैसे तेवढेच. ७० पौंडांपर्यंत मर्यादा आहे. या सोयीचे मूळ १९३८ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पुस्तकांसाठी जाहीर केलेल्या दीड सेंट प्रति पौंड या खास दरात आहे. ज्ञान गरिबाच्या दारापर्यंत स्वस्तात पोहोचावे हा विचार त्यामागे होता. आपल्या शाखांमधील ग्रंथांची देवाणघेवाण, बालसंस्कार वर्गांची पुस्तके, सर्व या मार्गे जावे. टपाल खात्याला असे पुडके उघडून पाहण्याचा अधिकार आहे, म्हणून त्यात चिवड्याची पिशवी लपवू नये.

तिकडे पोहोचल्यावर काय होते?

आता भारताच्या बाजूचे पाहू. आपल्यापैकी अनेकांच्या मनात अजून असे आहे की पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू शुल्काविना जाते. ती सवलत होती, हे खरे. पण १२ डिसेंबर २०१९ रोजी भारत सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने टपालाने अथवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफ आयात बंद केली. अपवाद दोनच ठेवले : प्राणरक्षक औषधे आणि राखी. बाकीची भेट पूर्ण शुल्क भरून येऊ शकते. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात परदेशातून येणाऱ्या छापील पुस्तकांवरही पाच टक्के सीमाशुल्क बसवण्यात आले. २०२१ साली आम्ही 'भेट' हा शब्द लिहिला, तेव्हा तो शब्द निष्प्रभ होऊन वर्ष उलटून गेले होते. आमचे अज्ञान गुरुजींना महाग पडले.

दुसरी गोष्ट २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याची. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, ते या कायद्याच्या दृष्टीने 'विदेशी स्रोत' ठरतात. भारतीय पारपत्र बाळगणारा अनिवासी भारतीय तसा ठरत नाही. विदेशी स्रोताने संस्थेला दिलेली वस्तूही अंशदानात मोडते, केवळ रोख रक्कम नव्हे. म्हणून कोणत्याही संस्थेला, मंडळाला अथवा वाचनालयाला काही पाठवण्यापूर्वी त्यांची या कायद्याखाली नोंदणी आहे काय, हे विचारावे. आपल्या प्रेमापोटी तिकडच्या कार्यकर्त्याने सरकारी पत्रांना उत्तरे देत बसावे, हे योग्य नाही. व्यक्तीला तिच्या वैयक्तिक वापरासाठी दिलेली, एक लाख रुपयांपर्यंतच्या बाजारभावाची वस्तू यातून वगळलेली आहे.

मग उपाय काय? उपाय साधा आहे, आणि तो सुचायला आम्हांला अकरा खोकी खर्ची घालावी लागली. जे पुस्तक भारतात मिळते, ते भारतातच विकत घ्यावे आणि भारताच्या टपालाने पाठवावे. नागपूरला धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि मुंबईला ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांचा जो बाजार भरतो, तेवढा वैविध्यपूर्ण संग्रह अमेरिकेतील कोणत्या दुकानात मिळणार? १ मे २०२५ पासून भारतीय टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. आरंभी जाहीर झालेला दर ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, आणि पाच किलोंपर्यंत शंभर रुपये, अधिक कर असा होता. पुडक्याचा माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते. नियतकालिके आणि व्यापारी जाहिरातींचा मजकूर चालत नाही. पुडके जमिनीवरील मार्गाने जाते, म्हणून थोडा धीर धरावा.

२०२५ च्या पावसाळ्यात आम्ही गुरुजींकडून प्रथम यादी मागवली. यादी आली ती दोन पानांची : स्पर्धा परीक्षांची पुस्तके, बारावीच्या जीवशास्त्राची, एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश. मुलांच्या नावे, प्रत्येकाच्या वैयक्तिक वापरासाठी, नागपुरातील एका नातलगामार्फत पुस्तके घेतली. पाच-पाच किलोंची आठ पुडकी झाली. टपालखर्च आठशे रुपये आणि वरचा कर. गुरुजींना एक पैसा पडला नाही. त्यांचा निरोप आला, "या वेळी सगळी कामाची आहेत." या वेळी हा शब्द आम्हांला पुरेसा बोचला, आणि आवडलाही.

घरून येणारी पार्सले

आता उलट दिशा. २०२५ साली या दिशेने मोठी उलथापालथ झाली. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले घेणे बंद केले, आणि मग काही दिवस सर्वच टपाल थांबले. १५ ऑक्टोबर २०२५ पासून सेवा पुन्हा सुरू झाली, ती पाठवतानाच शुल्क भरून घेण्याच्या पद्धतीने. दिवाळीच्या सुमारास अनेक घरांतल्या आया फराळाचे डबे घेऊन पोस्टाच्या पायऱ्या चढल्या आणि परत उतरल्या. यावरून धडा असा की हे नियम आता ऋतूप्रमाणे बदलतात. पार्सल शिवण्यापूर्वी त्या आठवड्यात विचारून घ्यावे.

खाद्यपदार्थांविषयी एक सवलत ध्यानात ठेवावी. बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. परंतु एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेला आणि स्वतः दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेला पदार्थ यातून वगळलेला आहे. म्हणजे आईच्या हातचा मसाला चालतो, दुकानातून घेतलेल्या मसाल्याच्या पाकिटांना पूर्वसूचना लागते. तेव्हा घोषणापत्रावर 'घरी केलेला खाद्यपदार्थ, वैयक्तिक भेट' असे स्पष्ट लिहावे. ताजा कढीपत्ता पाठवू नये, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने त्याला बंदी आहे. बोधिवृक्षाचे जिवंत रोप श्रद्धेने पाठवावेसे वाटते, पण वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राविना ते येऊ शकत नाही. आणि आखाती देशांत ज्यांचे भाऊबंद आहेत त्यांनी नीट ऐकावे : आपल्या काळ्या मसाल्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. चवीसाठी कोणाला तुरुंगाच्या दारात उभे करू नये.

बुद्धमूर्ती मागवणाऱ्यांसाठी दोन शब्द. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकृती भारताबाहेर नेता येत नाहीत. नवी पितळी मूर्तीही जुनी दिसत असेल तर अडवली जाऊ शकते, म्हणून खरेदीची पावती सोबत ठेवावी, शंका असल्यास पुरातत्त्व खात्याचे प्रमाणपत्र घ्यावे. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. आपल्या आजोबांच्या पेटीत चाळीसच्या दशकातील सभेची पत्रके, परिषदेची टिपणे, चळवळीतील पत्रे असतील, तर ती आज या मर्यादेत येतात. ती पार्सलात घालूच नयेत. जिथे आहेत तिथेच नीट जपावीत आणि त्यांची छायाप्रत मागवावी. मूळ कागद हरवला तर विमा कोणता भरून देणार?

औषधांविषयी वैद्य म्हणून

हा भाग आम्ही जरा कठोरपणे बोलणार आहोत. आमच्याकडे येणाऱ्या मराठी रुग्णांपैकी पुष्कळांच्या घरी भारतातून मागवलेल्या गोळ्या असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे खाजगी व्यक्तीने अमेरिकन टपालाने पाठवणे नियमबाह्य आहे, मग ती सख्ख्या भावाला का असेनात. वृद्ध आईवडील इकडे येत असतील तर त्यांनी आपली औषधे स्वतःसोबत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावीत. नव्वद दिवसांपुरता साठा हा सर्वसाधारण दंडक आहे. कोडिनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, ही औषधे आखाती देशांत परवानगीविना जवळ बाळगणेसुद्धा धोक्याचे आहे.

आणि उरलेली औषधे गावाकडे दान म्हणून पाठवण्याची पद्धत कृपया बंद करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दान केलेल्या औषधाची मुदत पोहोचतेवेळी किमान एक वर्ष उरलेली असावी, आणि एकाला दिलेले औषध परत घेऊन दुसऱ्याला देऊ नये. आमच्या आठ खोक्यांसारखेच तेही दान ठरेल. भारतात बनणारी तीच औषधे तिकडच्या दुकानात इथल्या किमतीच्या अल्पांशाने मिळतात. ती तेथेच घेऊन द्यावीत.

बांधणी आणि खरेपणा

बांधणीविषयी थोडक्यात. पुस्तकांचा खोका लहान आणि दुहेरी पुठ्ठ्याचा घ्यावा. पुस्तके प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवी रचावीत, पाठ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. खोका हलवला तर आत आवाज येता कामा नये. लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत, आणि पुस्तकांच्या खोक्यात कदापि नव्हे. पत्ता बाहेर एकदा, आतील कागदावर एकदा. घेणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक अवश्य लिहावा, कारण खेड्यात पोस्टमनला घर पत्त्यापेक्षा आवाजाने लवकर सापडते. सुटी लिथियम बॅटरी, पॉवर बँक, अत्तर आणि रोख रक्कम परदेशी टपालात घालू नये.

प्रवासाला निघालेल्या माणसाकरवी पाठवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, हे आम्हीही जाणतो. पण शिवलेले, न उघडता येणारे पुडके कोणाच्या हाती देऊ नये आणि कोणाचे घेऊही नये. नव्याने आलेला विद्यार्थी नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या दोन बॅगांपैकी एक आपल्या सामानाने भरणे हा अन्याय आहे.

शेवटचा मुद्दा किंमत कमी लिहिण्याचा. शंभर डॉलरची वस्तू दहा डॉलरची लिहिली की शुल्क वाचते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वस्तू हरवली तर भरपाईही दहाच डॉलरांची मिळते, आणि तपासणीत सापडली तर दंड घेणाऱ्याला होतो, हा व्यवहार झाला. त्याच्या आधीचीही एक गोष्ट आहे. दर रविवारी आपण मुलांकडून पंचशील म्हणवून घेतो. चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. घोषणापत्रावर सही करताना मूल शेजारी उभे असते, आणि ते आकडा वाचत असते.

काय करावे?

आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी आणि तीत कोणी, कोणत्या मार्गे, किती वजनाचे पाठवले, किती दिवसांत पोहोचले आणि दोन्ही बाजूंना किती पडले, हे नोंदवावे. वर्षभराने ती वही कोणत्याही जाहिरातीहून अधिक खरी बोलेल. दुसरे, गावी काही पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याकडून यादी मागवावी, आणि "शुल्क किती पडले?" हा प्रश्न आपण होऊन विचारावा, कारण ती माणसे स्वतःहून सांगणार नाहीत. तिसरे, जे न पाठवता पोहोचते, ते पाठवू नये. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड आज भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. संदर्भासाठी ते तेथे पाहावेत. घरात मात्र एक तरी ग्रंथ कागदाचा असावा, ज्याच्या पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव असेल.

वडिलांच्या चिठ्ठीकडे परत येतो. "खर्चाची चिंता करू नये," असे त्यांनी लिहिले होते. अनेक वर्षे आम्ही ती ओळ वडिलांचे प्रेम म्हणून वाचली. गुरुजींच्या अभ्यासिकेतून परतल्यावर ती पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले की चिंता करू नये असे लिहिणाऱ्याने खर्च मात्र पैशापैशाने मांडून ठेवला होता, कारण तो स्वतः भरला होता. घेणाऱ्याला चिंता नको असेल, तर हिशेब देणाऱ्याने करावा लागतो. तो हिशेब आपण करू या.